सूर्य कलला, भात पोटरीत आले

दर वर्षी २२ किंवा २३ ऑगस्टला मराठी पंचांगात एक छोटी नोंद असते : ‘सौर शरद ऋतू प्रारंभ’. श्रावणातले उपास, गणपतीची तयारी या धांदलीत ती फारशी कोणी वाचत नाही, आणि वाचली तरी पटत नाही. मुळशी तालुक्यात त्या दिवशी शरदाचा मागमूस नसतो. ताम्हिणीकडून ढग उतरत असतात, भातखाचरे काठोकाठ भरलेली असतात आणि डोंगरउतारावरचे ओहळ अजून खळाळत असतात.

तरीही ती नोंद चुकीची नाही. सूर्य आपल्या वार्षिक मार्गावर वसंतसंपातापासून १५० अंश पुढे आला, एवढेच ती सांगते. नेमका हाच क्षण चिनी दिनदर्शिकेतही नोंदलेला असतो. तिथे त्याला ‘छूशू’ म्हणतात, म्हणजे उष्म्याची अखेर. २०२४ साली तो २२ ऑगस्टला आला. चिनी घड्याळात तेव्हा रात्रीचे १०.५५ झाले होते, आपल्याकडे ८.२५. त्याच्या साधारण पंधरा दिवस आधी, सूर्य १३५ अंशांवर असताना, ७ किंवा ८ ऑगस्टला चीनमध्ये ‘लीछ्यू’ येऊन गेलेला असतो. शरदाचा आरंभ तिकडे त्या दिवसापासून धरतात.

आकाशातली खूण एकच, पण तिचा अर्थ पीत नदीच्या खोऱ्यात एक आणि मुळा नदीच्या खोऱ्यात दुसरा. असे का होते, हे नीट समजून घेतले तर आपल्या शेतकऱ्यांनी पिढ्यानपिढ्या वापरलेल्या पावसाच्या नक्षत्रांची खरी किंमत कळते. ऋतू कधी वळणार हे सूर्य ठरवतो. त्या वळणाला जमीन केव्हा आणि कसा प्रतिसाद देते, हे मात्र त्या त्या ठिकाणीच वाचावे लागते.

चांद्र महिने, सौर कणा

चिनी परंपरेने सूर्याच्या वर्षभराच्या ३६० अंशांच्या वाटेचे २४ समान भाग केले. प्रत्येक भाग १५ अंशांचा, म्हणजे सुमारे पंधरा दिवसांचा. या चोवीसही टप्प्यांची संपूर्ण यादी इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातल्या ‘ह्वायनानझी’ या ग्रंथात सापडते. इ. स. पू. १०४ मध्ये हान राजवटीने लागू केलेल्या दिनदर्शिकेत त्यांना अधिकृत स्थान मिळाले. पुढे १६४५ पासून सूर्याच्या प्रत्यक्ष स्थितीवरून ते काढले जाऊ लागले. २०१६ मध्ये युनेस्कोने या ज्ञानाचा समावेश मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केला.

अशा टप्प्यांची गरज का पडली? चीनची पारंपरिक दिनदर्शिका आपल्यासारखीच चांद्रसौर आहे. महिने चंद्राचे, वर्ष सूर्याचे. बारा चांद्र महिन्यांचे दिवस भरतात सुमारे ३५४, सौर वर्षाचे ३६५. दर वर्षी अकरा दिवसांची तफावत पडत जाते आणि अधिक महिना आला की ती भरून निघते. सण त्यामुळे पुढेमागे होतात. गणेश चतुर्थी २०२२ मध्ये ३१ ऑगस्टला होती, २०२३ मध्ये अधिक श्रावणामुळे ती १९ सप्टेंबरला गेली आणि २०२४ मध्ये पुन्हा ७ सप्टेंबरला आली. सणाला हे चालते, पेरणीला चालत नाही. रोपाला ऊन, दिवसाची लांबी आणि पाऊस लागतो. या तिन्ही गोष्टी सूर्याच्या तंत्राने चालतात.

अधिक महिना ठरवण्याची दोन्हीकडची रीतही एकाच तत्त्वावर उभी आहे. ज्या चांद्र महिन्यात सूर्य रास बदलत नाही, म्हणजे संक्रांत येत नाही, तो आपल्याकडे अधिक मास. ज्या चांद्र महिन्यात चोवीसपैकी बारा मुख्य टप्प्यांतला एकही पडत नाही, तो साधारणपणे चीनमध्ये अधिक. फरक मोजणीच्या आरंभबिंदूत आहे. चीन वसंतसंपातापासून मोजतो, आपली पंचांगे स्थिर ताऱ्यांच्या आधारे. म्हणून २०२३ साली दोन्हीकडे अधिक महिना आला, पण चीनमध्ये तो वसंतातला होता आणि आपल्याकडे श्रावणातला.

आपले टप्पे : पावसाची नक्षत्रे

शेतीसाठी महाराष्ट्राने सौर हिशेब ठेवला तो नक्षत्रांचा. सूर्याच्या वाटेचे २७ भाग, प्रत्येक १३ अंश २० कलांचा. सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो. ७ किंवा ८ जूनला मृग लागतो, २१-२२ जूनला आर्द्रा, ५-६ जुलैला पुनर्वसू, १९-२० जुलैला पुष्य, २-३ ऑगस्टला आश्लेषा, १६-१७ ऑगस्टला मघा, ३०-३१ ऑगस्टला पूर्वा, १३ सप्टेंबरच्या सुमारास उत्तरा, २७ सप्टेंबरच्या सुमारास हस्त, १०-११ ऑक्टोबरला चित्रा आणि २३-२४ ऑक्टोबरला स्वाती. अधिक महिना येवो न येवो, या तारखा फार तर एका दिवसाने हलतात.

चिनी टप्प्यांशी त्यांची सांगड घालता येते. लीछ्यू येतो तेव्हा आपल्याकडे आश्लेषा नुकतीच लागलेली असते. छूशू मघा नक्षत्रात पडतो. सप्टेंबरमधला शरदसंपात उत्तरा नक्षत्रात येतो. चिनी यादीतला गोठलेले दव पडू लागण्याचा टप्पा २३ ऑक्टोबरच्या आसपास येतो. त्याच सुमाराला आपल्याकडे स्वाती लागते आणि मुळशीत भातकापणीला जोर चढतो.

लोकांनी या नक्षत्रांना घरातल्या माणसांसारखी नावे दिली. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा. मघेचा सासूचा, पूर्वेचा सुनेचा. हस्ताचा पाऊस गडगडत येतो, म्हणून तो हत्तीचा. सूर्य हस्तात शिरला की हादगा, म्हणजेच भोंडला, सुरू होतो. हत्तीचे चित्र मध्ये ठेवून मुली फेर धरतात आणि शेवटी खिरापत ओळखतात. आता बहुतेक ठिकाणी भोंडला नवरात्रात आटोपतात, पण त्याची मूळ गाठ सौर नक्षत्राशी आहे. पावसाळा सरताना येणारा हा सण शेतीच्या कॅलेंडरमधूनच आला.

पंचांगात प्रत्येक नक्षत्राचे वाहनही दिलेले असते : घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असेल तर भरपूर पाऊस, कोल्हा किंवा मेंढा असेल तर ओढ, असा समज आहे. सूर्य आणि चंद्र यांच्या नक्षत्रांमधले अंतर मोजायचे, नऊने भागायचे आणि बाकीवरून वाहन काढायचे, अशी ही रीत आहे. तिच्यात वाऱ्याचा, समुद्राचा किंवा ढगांचा काहीच संबंध येत नाही. शिवाय वाहन साऱ्या महाराष्ट्राला एकच, आणि एकट्या मुळशी तालुक्यात पूर्वेच्या पिरंगुट-भूगावपेक्षा पश्चिमेच्या ताम्हिणीत कितीतरी पट पाऊस पडतो. २५ जुलै २०२४ रोजी संपलेल्या चोवीस तासांत ताम्हिणीत ५५६ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पुणे शहरात साऱ्या वर्षात जेमतेम सातशेच्या घरात पडतो. त्या दिवशी नक्षत्र पुष्य होते, म्हणजे लोकभाषेतला म्हातारा पाऊस.

म्हणून नक्षत्रांच्या परंपरेतल्या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. वाहनांवरून केलेले भाकीत शास्त्राच्या कसोटीवर टिकत नाही. पण वर्षाचे तेरा-चौदा दिवसांचे तुकडे पाडून, प्रत्येकात पीक कुठवर आले पाहिजे हे सांगणारी पट्टी म्हणून नक्षत्रे आजही चोख काम देतात.

खाचरातला हिशेब

मुळशीत ही पट्टी भातावर लावून पाहू. पौड, कोळवण, रिहे, मुठा या खोऱ्यांत खरिपाचे मुख्य पीक भात. आंबेमोहर इथला जुना सुवासिक तांदूळ, त्याला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. आज जास्त क्षेत्र दिसते ते इंद्रायणीचे. आंबेमोहर-१५७ आणि आयआर-८ यांच्या संकरातून शेजारच्या वडगाव मावळच्या कृषी संशोधन केंद्राने हा वाण तयार केला आणि १९८७ मध्ये तो शेतकऱ्यांच्या हाती आला. मुळा खोऱ्यातली कितीतरी भातजमीन आज मुळशी धरणाखाली आहे. त्या जमिनीसाठी १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी सत्याग्रह सुरू झाला. त्याचे नेतृत्व करणारे पांडुरंग महादेव बापट पुढे सेनापती बापट म्हणून ओळखले गेले. जमीन वाचली नाही. मुळेचे ते पाणी आजही घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहाकडे वळते.

उन्हाळ्यात राब भाजून जमीन तयार ठेवायची, रोहिणी-मृगात रोपे टाकायची, आर्द्रा ते पुष्य या काळात चिखलणी करून लावणी उरकायची, हा इथला क्रम. पावसाने ओढ दिली तर लावणी आश्लेषेपर्यंत लांबते आणि शेतकऱ्याच्या जिवाला घोर लागतो. मघा लागली की लावणी संपलेली हवी, हा जुना दंडक आहे. त्यामागचे कारण झाडाच्या आत आहे.

भाताचे पीक शाकीय वाढ थांबवून लोंबी धरायला सुरुवात करते ते बाहेरून दिसत नाही. खोडाच्या आत, बुंध्यापाशी, लोंबीचा सूक्ष्म अंकुर तयार होतो. त्यानंतर फुलोरा यायला तीस ते पस्तीस दिवस लागतात आणि फुलोऱ्यापासून दाणा पक्व व्हायला आणखी सुमारे तीस. इंद्रायणीसारखा साडेचार महिन्यांचा वाण जूनच्या मध्यावर पेरला, तर हा अंकुर धरतो ऑगस्टच्या अखेरीस. पंचांगात सौर शरद लागतो तेव्हा खाचरातल्या रोपाच्या पोटातही बदल सुरू झालेला असतो.

अनेक पारंपरिक भातवाण तर हा बदल दिवसाच्या लांबीवरूनच ठरवतात. भात मुळात लहान दिवसांची वनस्पती. दिवस ठरावीक मर्यादेपेक्षा आखूड झाला की पानांत एक विशिष्ट प्रथिन तयार होते, ते शेंड्याकडे जाते आणि तिथे पानांऐवजी फुलोऱ्याची तयारी सुरू होते. भातातल्या या प्रथिनाचा असा प्रवास जपानी संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिला. मुळशीच्या अक्षांशावर २१ जूनला दिवस सुमारे १३ तास १४ मिनिटांचा असतो. लीछ्यूच्या दिवशी तो १२ तास ५२ मिनिटांवर येतो, सौर शरदाच्या आरंभी १२ तास ३७ मिनिटांवर. हा फरक ढगांच्या पडद्याआडूनही रोपाला कळतो. अशा वाणांची लावणी उशिरा झाली तरी फुलोरा फारसा लांबत नाही. वाढीचे दिवस तेवढे कमी मिळतात, फुटवे कमी येतात आणि उतारा घटतो. मघेचा दंडक इथून आला आहे.

पुढे पूर्वा-उत्तरेत भात पोटरीत येते, मग निसवते. उत्तरा-हस्तात फुलोरा असतो. भाताची फुले सकाळी उशिरा ते दुपारपर्यंत थोडा वेळच उमलतात. त्या वेळी मुसळधार लागली तर परागीभवन बिघडते आणि दाणे पोचट राहतात. उलट याच काळात खाचर कोरडे पडले तरी तेच होते. पाऊस हवा, पण तो बेताचा आणि शक्यतो दुपारनंतरचा. चित्रा-स्वातीत दाणा पिवळा पडतो, आणि तेव्हा आलेला जोराचा पाऊस उभे पीक आडवे करतो. ‘पडतील स्वाती, पिकतील मोती’ ही म्हण देशावरच्या रब्बीवाल्याला हर्षाची आहे. मुळशीतला भातवाला मात्र त्याच पावसात कापलेल्या पेंढ्या झाकायला धावतो.

सूर्य वळला तरी पाऊस का थांबत नाही

मुळशीत सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. एकदा मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस. दुसरा शून्य सावलीचा दिवस बहुधा ढगांत हरवतो, पण त्यानंतर सूर्य दक्षिणेकडे कलू लागलेला असतो. लीछ्यू त्यानंतर आठवडाभरात येतो.

पीत नदीच्या खोऱ्यात या कलण्याचा परिणाम मोठा असतो. पेइचिंगमध्ये जून ते सप्टेंबर या तीन महिन्यांत दिवस जवळपास तीन तासांनी आखूड होतो, मुळशीत फक्त एक तास सात मिनिटांनी. तिथे ऋतू बदलतो तो मुख्यतः तापमानातून. तरीही लीछ्यूनंतर उकाडा परत उसळतो, त्याला चिनी लोक ‘शरदातला वाघ’ म्हणतात. दक्षिण चीनमध्ये तर ऑगस्टभर घामाच्या धारा असतात. म्हणूनच चिनी हवामानशास्त्रज्ञ शरद ठरवताना पाच दिवसांचे सरासरी तापमान २२ अंश सेल्सिअसच्या खाली उतरले का, हे पाहतात. पंचांगातला शरद आणि हवेतला शरद त्यांनीही वेगळे ठेवले आहेत.

आपल्याकडे ऋतू बदलतो तो वाऱ्यातून. वायव्य भारतावरचा कमी दाबाचा पट्टा अरबी समुद्रावरचे बाष्पाने भरलेले वारे ओढत असतो आणि सह्याद्रीची भिंत त्यांना वर चढवून मुळशीवर रिते करते. सूर्य कलला तरी तापलेली जमीन आणि समुद्र लगेच निवत नाहीत, त्यामुळे ही यंत्रणा आणखी काही आठवडे चालू राहते. हवामान खात्याने २०२० मध्ये सुधारलेल्या सरासरी तारखांनुसार मोसमी पाऊस पश्चिम राजस्थानातून १७ सप्टेंबरला परतू लागतो आणि मुंबईतून ८ ऑक्टोबरला जातो. सलग पाच दिवस पाऊस थांबणे, खालच्या थरात वारे उलट दिशेने फिरू लागणे आणि हवेतले बाष्प घटणे, या तीन खुणांवरून परतीचा आरंभ ठरवतात.

या संधिकाळात मुळशीचा पाऊस स्वभाव बदलतो. श्रावणातला पश्चिमेचा संथ, दिवसभराचा पाऊस मागे पडतो. हस्तातला पाऊस दुपारनंतर, बहुतेकदा पूर्वेकडून, विजा घेऊन येतो. सकाळी ऊन, दुपारी ढगांचे मनोरे, संध्याकाळी तासाभराचा दणका. मग आभाळ स्वच्छ होते, जमीन अजून ओली असते, वारा पडलेला असतो आणि ऑक्टोबरचा उकाडा सुरू होतो. चीनमध्ये उष्म्याची अखेर झाली असे म्हणतात त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने आपल्याकडे उष्मा परत येतो. आयुर्वेदाने शरदात पित्त वाढते असे सांगून आहार-विहाराचे नियम दिले, ते याच उन्हासाठी. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात दिवस आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात यांना वाग्भटाने ऋतुसंधी म्हटले आणि जुन्या सवयी हळूहळू सोडाव्यात असे सुचवले. ऋतू एका दिवसात बदलत नाही, हे त्या नियमातच गृहीत धरलेले आहे.

शरदाची आणखी एक जुनी खूण आकाशात आहे. ऑगस्टच्या उत्तरार्धापासून पहाटे ढग फाटले तर आग्नेय आणि दक्षिण यांच्या मध्ये, क्षितिजालगत, अगस्तीचा तेजस्वी तारा दिसू लागतो. वराहमिहिराने बृहत्संहितेत त्याच्या उदयावर स्वतंत्र अध्याय लिहिला. अगस्ती उगवला की गढूळ पाणी निवळते, असे परंपरा मानते. पाणी निवळते ते पाऊस मंदावून माती वाहायची थांबली म्हणून. तारा त्या वेळेची आठवण करून देतो.

सरकणारी नक्षत्रे

नक्षत्रांच्या पट्टीत एक मर्यादा आहे, ती माहीत असली पाहिजे. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा अतिशय संथ डुलतो, त्यामुळे वसंतसंपात ताऱ्यांच्या तुलनेत मागे सरकत जातो. ऋतू संपाताशी बांधलेले, नक्षत्रे ताऱ्यांशी. परिणामी नक्षत्रांच्या तारखा ऋतूंच्या मानाने दर ७२ वर्षांनी सुमारे एक दिवस पुढे जातात. वराहमिहिराच्या काळापासून हे अंतर सुमारे २१ अंशांनी वाढले आहे. मृगाचा पाऊस आणि मोसमी पावसाचे आगमन यांची आज जुळणारी वेळ म्हणजे अनादि काळाचे सत्य नव्हे. ती अलीकडच्या काही शतकांतली जुळणी आहे, आणि आणखी काही शतकांनी ती सुटेल.

मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील दिनदर्शिका सुधारणा समितीने हा प्रश्न ओळखला होता. तिच्या शिफारशींवरून २२ मार्च १९५७ पासून लागू झालेल्या राष्ट्रीय दिनदर्शिकेत महिने संपाताशी जोडले आहेत. तिचा भाद्रपद २३ ऑगस्टला सुरू होतो, म्हणजे सौर शरदाच्या आणि छूशूच्या जोडीनेच. दैनंदिन व्यवहारात ही दिनदर्शिका रुजली नाही, पण ऋतूंच्या दृष्टीने ती पक्क्या पायावर उभी आहे.

नोंदवही

पुणे हे हवामानशास्त्राचे मोठे केंद्र आहे. १९३२ मध्ये हवामान खात्याचा कृषी हवामान विभाग इथेच, एल. ए. रामदास यांच्या पुढाकाराने सुरू झाला. आज शेतकऱ्यांसाठीचा कृषी हवामान सल्ला आठवड्यातून दोनदा, मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो. उद्या-परवाचा पाऊस कळण्यासाठी या सल्ल्याला पर्याय नाही; तिथे कोल्ह्या-बेडकाकडे पाहण्यात अर्थ नाही.

पण हा अंदाज फार तर तालुक्यासाठी निघतो आणि मुळशीत एका खिंडीपलीकडे पाऊस दुप्पट होतो. ही उणीव भरून काढणारी माहिती गावातच जमा होऊ शकते. प्रत्येक शाळेत एक साधे पर्जन्यमापक असावे. मुलांनी रोजचा पाऊस लिहावा आणि नक्षत्रागणिक त्याची बेरीज करावी. त्याच पानावर लावणी कधी संपली, भात पोटरीत कधी आले, निसवले कधी, तेरडा कधी फुलला, सोनकीने उतार पिवळा कधी केला, पहिले दव कधी पडले, हेही लिहावे. चीनने आपल्या प्रत्येक टप्प्याचे पाच-पाच दिवसांचे तीन भाग केले आणि प्रत्येकाला वारा, दव, कीटक, पक्षी यांची एक खूण जोडली. ती यादी अशाच निरीक्षणांतून घडली. आपल्या आजी-आजोबांकडे मुळशीची अशी यादी तोंडपाठ आहे, पण ती लिहिलेली नाही.

अशी वही दहा वर्षे भरली तर उत्तरा नक्षत्राचा पाऊस खरोखर वाढतो आहे का, परतीचा मुक्काम लांबतो आहे का, कमी दिवसांचा वाण निवडावा की लावणी अलीकडे आणावी, याची उत्तरे त्या गावाला स्वतःच्या आकड्यांतून मिळतील. सूर्याच्या तारखा पंचांगात आधीच छापलेल्या असतात. खाचराच्या तारखा लिहायचे काम मात्र तिथल्या माणसांचे आहे, आणि येत्या मृगापासून ते सुरू करता येईल.